उन्हाळा गेला म्हणू नका, गाडीवरचा खरा त्रास मिरगातच

आमच्या इकडची लोकं उन्हाला भेतात, उकाड्याला भेत नाहीत. मे महिन्यात पारा ४४-४५ ला गेला की घरच्या बाया दुपट्टा हातात दिल्याशिवाय गाडी काढू देत नाहीत, शेजारचे काकाजी ओट्यावरूनच "अकराच्या आत ये बापा" म्हणून आवाज देतात, पेपरात रोज उष्णतेची लाट. अन् सात-आठ जूनला मिरग, म्हणजे मृग नक्षत्र, लागला, आभाळात चार ढग दिसले की सगळे एकदम बिनधास्त. दुपट्टा खुंटीला, पाण्याची बाटली घरी, दुपारी दोन वाजता ट्रिपल सीट लग्नाला. पारा ३६ वर आला ना, मग आता काय! माझं म्हणणं असं आहे की गाडीवाल्यासाठी हे ३६ काही कमी नाही, अन् मे महिन्यात जे करून आपण वाचतो तेच जूनमधे केलं तर उलट अंगावर येते.

माझं काम बियाण्याच्या कंपनीत, फिल्डवर. साकोली, लाखांदूर, अर्जुनी मोरगाव, कधी खाली वडसा-ब्रम्हपुरीपर्यंत, सगळा पूर्व विदर्भातला धानाचा पट्टा, जिकडं पाहाल तिकडं तलाव, बोड्या (लहान तळी) अन् बांध्या (धानाची बांध घातलेली शेतं). धंद्याचा सीझनही असा की पऱ्हे (धानाची रोपं) टाकायच्या आधी म्हणजे मे-जूनमधे गावोगाव फिरा, अन् मग धान निसवायच्या (लोंब्या यायच्या) टायमाला सप्टेंबर-ऑक्टोबरमधे प्लॉट पाहायला फिरा. म्हणजे वर्षातले जे महिने माणसानं घरात बसायचे तेच नेमके आमचे फटफटीवर. त्यामुळं या विषयावर बोलायचा थोडा हक्क आहे असं समजा.

आता हे ऊन अन् उकाड्याचं गणित कुलरवरून सांगतो, कारण विदर्भात कुलर समजत नाही असा माणूस नाही. मे महिन्यात कुलर कसा गार हवा फेकते, दोन वाजता चादर घ्यावी लागते. कारण बाहेरची हवा कोरडी ठणठणीत, ताटीतलं (कुलरच्या बाजूच्या गवताच्या जाळीतलं) पाणी झपाझप वाळते अन् वाळता वाळता हवेतली उष्णता ओढून घेते. मिरगाचा पहिला पाऊस पडला की तोच कुलर, तीच ताटी, तेच पाणी, पण खोलीत नुसती चिपचिप, मग आपण मोटर बंद करून नुसता पंखा चालवतो. अंगाचं पण हेच आहे. घाम आला म्हणून गार वाटत नाही, घाम वाळला तर गार वाटते. हवेत आधीच ओल भरलेली असली की घाम वाळतच नाही, नुसता निथळतो, पाठीवरून खाली पॅन्टीत जातो, म्हणजे अंगातलं पाणीही गेलं, मीठही गेलं अन् गारवा काहीच मिळाला नाही. अमेरिकेच्या हवामान खात्याचा एक तक्ता आहे, त्यात ३२ अंश तापमान अन् ७५ टक्के आर्द्रता असली तर अंगाला ते ४३ सारखं लागते असं दाखवलेलं आहे, अन् तेही सावलीतलं. आपल्याकडं सप्टेंबरात धानाच्या बांध्यांमधून जाणाऱ्या रस्त्यावर याहून वेगळं काय असते?

अन् पेपरातली उष्णतेची लाट ही तापमानावरून ठरते. सपाट भागात पारा निदान ४० अन् त्या तारखेच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त, किंवा मग सरळ ४५ अन् त्याच्या वर. ३६ वाला चिकट दिवस त्या हिशोबात बसत नाही. हवामान खातं 'उष्ण व दमट' असा इशारा देते आजकाल, पण तो आपण वाचत नाही, आपल्याला फक्त पारा पाहायची सवय. अन् पारा म्हटला की आकडा जितका मोठा तितकी मजा. २०२४ च्या मे अखेरीला नागपुरात एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवला तर काय फॉरवर्ड फिरले बापा, खात्यानं सेन्सरचा बिघाड म्हणून सांगितलं तोवर आमच्या गावातल्या निम्म्या लोकांनी ५६ अंश स्वतः अनुभवला होता!

तर आधी मे. कातडीचं तापमान साधारण ३५ अंश धरा. हवा त्याहून गरम असली की गाडीवर लागणारा वारा आपल्याला थंड करत नाही, तापवते. म्हणून ४४ अंशात शर्टाच्या गुंड्या उघड्या टाकून, बाह्या वर करून साठच्या स्पीडनं जाणारे पोट्टे पाहिले की मला कीव येते, त्यांना वाटते मस्त हवा लागून राहिली, पण ती हवा घाम येता येताच सुकवते, माणसाला कळतही नाही की अंगातून किती पाणी गेलं. मे महिन्यात झाकायचं. आतून सुती बनियन पाण्यात भिजवून पिळून घालायची, वरून फुल बाहीचा जाडसर सैल शर्ट, गळ्यापाशी ओला दुपट्टा, वरचा शर्ट हवा अडवते म्हणून आतली ओल हळूहळू वाळते अन् बराच वेळ गार वाटते. नुसती ओली बनियन वाऱ्यावर ठेवली तर दोन गावं जात नाही तर खडंग. आमच्या आजोबांच्या पिढीनं हे सगळं सायकलवर अन् बैलबंडीवर केलेलं आहे, कोणी शिकवायला नव्हतं आलं. खिशातल्या कांद्याबद्दल मात्र माफ करा, खिशात ठेवलेला कांदा काही करत नाही, भाकरीसोबत खाल्लेला चांगला.

मिरगात हे उलटं करायचं. ओली बनियन वाळतच नाही, ती नुसती अंगाला चिकटून बसते, वरून जाडा शर्ट घातला तर आत वाफ कोंडते. इथं हवा पाहिजे. तापमान ३३-३४ च्या आसपास असलं अन् हवा दमट असली तर लागणारा वारा हाच एक आधार, म्हणून कपडा असा पाहिजे की आरपार हवा गेली पाहिजे. कोणाला परवडत असेल तर जाळीचं रायडिंग जॅकेट सगळ्यात उत्तम, पडलं झडलं तर कोपर-खांदा वाचते अन् हवाही लागते. नाही परवडत तर फुल बाहीचा पातळ, सैल, फिकट रंगाचा शर्ट, अन् आत सुतीऐवजी ते खेळाडू लोकं घालतात ते लवकर सुकणारं बनियन. मी हे म्हटलं तर आमच्या ऑफिसातले सुतीवाले लोकं चिडतात, पण सुती कपडा घाम धरून ठेवते, कोरड्या हवेत तो गुण आहे, दमट हवेत अवगुण. बाही मात्र अर्धी नको. उकडते म्हणून हाफ टी-शर्ट अन् चप्पल घालून निघालं की गिट्टीवर घसरल्यावर काय होते ते ज्यानं पाहिलं त्याला सांगावं लागत नाही.

अन् या हवेत सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे थांबणं. चालत्या गाडीवर ठीक वाटते, फाटक पडलं, ट्रकांच्या मधे फसलो, खालून इंजिनची धग, वरून ढग, वारा बंद, पाच मिनिटात डोळ्यात घाम. फाटक लागलं की सरळ गाडी बंद करायची, साइडला घेऊन स्टँडवर लावायची, हेल्मेट काढायचं अन् दूर झाडाखाली उभं राहायचं, रांगेतला नंबर गेला तर गेला. एअरकूल इंजिनलाही वाराच थंड ठेवते, त्यामुळं उभ्या गाडीवर ॲक्सिलेटर देत बसण्यात गाडीचंही नुकसानच आहे.

रेनकोटचं स्वतंत्र सांगावं लागते. मागच्या जूनमधे लाखांदूरकडून येताना पुढं एक मोपेडवाले काकाजी होते, पन्नाशी पार, पायाशी खताची बॅग, अन् अंगात पुरा काळा रेनकोट, टोपीसकट. पाणी नव्हतं, नुसतं भरून आलं होतं. गाडी जराशी डावीकडं जाये, मग परत मधे येये. मी हॉर्न दिला तर साइड देण्याऐवजी थांबूनच गेले, अन् उतरून स्टँड लावायला गेले तर पायाला स्टँडच सापडेना. मी अन् मागून येणाऱ्या दोघा पोट्ट्यांनी गाडी धरली.

"काय झालं जी काकाजी?"

"काही नाही जी, जरासं गरगरून रायलं."

चेहरा पांढराफटक, हात गार अन् ओलेचिप्प. रेनकोटची चेन खोलली तर आतून भपकन वाफच आली, शर्ट असा ओला की कोणी बादली ओतली. हापशी जवळच होती. एका पोट्ट्यानं दुपट्टा भिजवून मानेला, काखेत लावला, दुसरा पुठ्ठ्यानं वारा घालून राहिला, पाय बॅगेवर ठेवून आडवं केलं. शुद्धीवर होते, नाव-गाव बरोबर सांगत होते, म्हणून माझ्याजवळचं मीठ-साखरेचं पाणी घोट घोट दिलं. अन् इतक्यात काकाजी काय म्हणतात, "तो कोट घाला ना बापू, पाणी येईन तं भिजन मी." आम्ही तिघंही हसलो, तेही हसले, तवा जीवात जीव आला. भाचा येऊन आरोग्य केंद्रात घेऊन गेला.

तर पाणी खरंच सुरू होईपर्यंत रेनकोट घालायचा नाही. तो पाणी आत येऊ देत नाही तसाच घाम बाहेर जाऊ देत नाही. अन् उन्हाळ्यातल्या पावसात थोडं भिजलं तर कोणी मरत नाही, मोबाइल अन् कागद पन्नीत टाकले की झालं.

काकाजींचं सौम्य होतं. पण माणूस बरळायला लागला, काय बोलते ते त्यालाच समजेना, झटके आले किंवा बेशुद्ध झाला तर तो उष्माघात समजायचा, तिथं अंगातलं तापमान ४० च्या वर गेलेलं असते. १०८ ला फोन लावायचा अन् गाडी येईपर्यंत वाट पाहत बसायचं नाही, कपडे कमी करून पूर्ण अंगावर पाणी ओतायचं अन् वारा घालायचा, जितकं लवकर थंड होईल तितकं बरं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही, छातीत जाते. तापाची गोळी द्यायची नाही, हा तो ताप नव्हे. अन् 'घाम येऊन राहिला म्हणजे उष्माघात नाही' हेही खरं नाही, मेहनत करताना लागलेल्या उष्माघातात अंग घामानं ओलं असू शकते.

गाडी चालवणाऱ्याला मात्र याच्या कितीतरी आधी इशारे येतात. इंडिकेटर चालूच राहिला, गिअर चुकला, ओळखीचा फाटा मागं गेला, क्लचच्या बोटात गोळा आला, मागं बसलेल्यावर विनाकारण खेकसलो. मी तर चिडचिडीवरूनच ओळखतो. एरवी बैल आडवा आला तर थांबतो, पण उकाड्यात बैलाच्या मालकाशी भांडावं वाटलं की समजायचं आता सावली पाहा.

पाण्याचं म्हणाल तर एकदम लिटरभर ढोसून निघण्यात अर्थ नाही, पंधरा-वीस मिनिटांनी कपभर असा हिशोब ठेवायचा. अन् नुसतं पाणीच पाणी पण नको, तासाला दीड लिटरच्या वर तर मुळीच नको, मीठ पातळ होऊन उलट चक्कर येते. घरचं सोपं आहे, एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर अन् अर्धा चमचा मीठ, चहाचा लहान चमचा बरं का. जास्त मीठ म्हणजे जास्त फायदा असं नसते. मठ्ठा आहे, पन्हं आहे, तेही चालते, फक्त चौकातला मठ्ठा कोणत्या बर्फाचा आहे ते पाहून घ्या. मेडिकलमधे डब्यातलं गोड पाणी ओआरएस म्हणून किती वर्षं विकलं गेलं, ऑक्टोबर २०२५ मधे एफएसएसएआयनं (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं) अशा पेयांवर ओआरएस हे नाव टाकायला मनाई केली तेव्हा कुठं. पुडी घ्यायची तर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला लिहिलेली घ्या, स्वस्तात मिळते. लघवी पिवळीजर्द झाली की पाणी कमी पडलं, एवढी साधी खूण. अन् ज्यांना बीपीसाठी पाणी काढायची गोळी चालू आहे त्यांनी उन्हाळ्याआधी डॉक्टरला एकदा विचारून ठेवावं, ती गोळी अन् हा घाम दोन्ही मिळून माणसाला कोरडं करतात. सर्दीच्या गोळीनं तर झोप पण येते.

हेल्मेटवर मी वाद घालून थकलो. "उकडते ना भाऊ" हे एकच उत्तर. अरे उकडते हे मलाही माहीत आहे, पण डोक्यावर थेट ऊनही लागत नाही ना. आतमधे थर्माकोलचा जाड थर असते, त्यामुळं काळं की पांढरं यापेक्षा समोर-मागं हवेची छिद्रं आहेत का अन् ती खरंच आरपार आहेत का ते पाहा, स्वस्तात नुसती शोभेची छिद्रं असतात, बोट लावून पाहिलं की समजते. आयएसआयचा शिक्का पाहिजेच. आतून पातळ सुती टोपी घालायची, अशा दोन-तीन ठेवायच्या, दुपारी बदलायची, म्हणजे घाम कपाळावरून डोळ्यात येत नाही. मोठा दुपट्टा डोक्याला चार वेढे मारून त्यावर हेल्मेट बसवायचं नाही, ते मग नीट बसतच नाही, पडलं की आधी हेल्मेट जाते मग डोकं. अन् आतलं अस्तर निघणारं असेल तर धुवा हो! काही लोकांच्या हेल्मेटचा वास आला की चक्कर उन्हाची की हेल्मेटची ते सांगता येत नाही.

आता जे कोणी बोलत नाही ते. रेक्झिनची सीट, ओली चड्डी, दिवसभर बसणं. जांघा घासतात, घामोळ्या येतात, मग गजकर्ण. आमच्या फिल्डच्या पोट्ट्यांमधे हे इतकं आहे अन् सगळे लपवतात, मेडिकलमधून कोणतीतरी ट्यूब आणून लावतात, त्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असते, दोन दिवस खाज थांबते अन् मग ते दुप्पट पसरते, अन् वर औषध लवकर लागू होत नाही. डॉक्टरला दाखवा, लाजायचं काय त्यात. सीटवर जाळीचं कव्हर टाका, खालून हवा खेळते. डिक्कीत एक सुकी चड्डी पन्नीत ठेवा अन् दुपारी बदला. उन्हात गाडी लावायची वेळ आली तर मे महिन्यात मी सीटवर ओला बारदाना टाकून ठेवतो, परत येईपर्यंत सीट बसण्यालायक राहते. जूनमधे सुका टाकायचा, ओल्यानं सीट नुसती शेवाळल्यासारखी होते.

गाडीचं फार नाही. हवा सकाळी टायर थंड असताना चेक करायची, दुपारी तापलेल्या टायरचं प्रेशर वाढलेलं दिसते म्हणून सोडायची नाही. कमी हवेचं टायर जास्त तापते अन् फुटते. टाकी फुल केली तर स्फोट होते हा फॉरवर्ड दरवर्षी येतो, इंडियन ऑइलनं खुलासा करूनही येतो. कंपनीनं दिलेल्या मर्यादेपर्यंत पेट्रोल भरायला काही हरकत नाही, पार गळ्यापर्यंत कोंबू नका इतकंच, साइड स्टँडवर गळते.

रस्ता मात्र महिन्यागणिक बदलते. मे महिन्यात डांबर पाझरून काळं चकचकीत होते, त्यावर ब्रेक मारला की मागचं चाक सरकते. मिरगाचा पहिला शिडकावा पडला की उन्हाळाभराची धूळ अन् ट्रकांचं ऑइल वर येते, पहिला अर्धा तास सगळ्यात घसरडा, चांगला जोरात पाऊस पडून रस्ता धुतला गेला की मग ठीक. रोवणीत ट्रॅक्टरची चाकं बांधीतला अर्धा चिखल डांबरावर आणून टाकतात, अन् दिवाळीच्या आसपास रस्त्यावरच धान वाळत घातलेलं, वळणावर तणस (धानाचा पेंढा). अन् विजा. झाडाखाली थांबायचं नाही, मोहाचं असो की चिंचेचं, गाडीवरही बसून राहायचं नाही, पक्कं घर, शाळा जे दिसेल तिथं आत जायचं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप आहे, जवळपास वीज पडून राहिली की सांगते, मोबाइलमधे राहू द्या.

अन् नवीन माणसाला सवय व्हायला वेळ लागते, शरीर एक-दोन आठवडे घेते. पुण्याहून एसीतून आलेला जावई पहिल्याच दुपारी बुलेट घेऊन नवेगावबांधचा तलाव पाहायला निघाला तर सासऱ्यानं चाबी लपवावी, उगाच मान राखू नये.

टायमिंगचं शेवटी सांगतो. मे महिन्यात अकरा ते चार टाळायचं हे सगळ्यांना पाठ आहे. मिरगात सगळ्यात वाईट वेळ म्हणजे सर पडून गेली अन् लगेच कडक ऊन पडलं ती, रस्त्यातून वाफा निघतात, त्यात निघू नका, तास-दीड तास वारा सुटू द्या. सकाळी आर्द्रता जास्त असते खरी पण पारा उतरलेला असते, त्यामुळं सकाळच बरी. मी आमच्या साहेबाला म्हटलं, या सीझनला गावातल्या मीटिंगा सकाळी सातला घेऊ, साडेदहाला कास्तकार घरी जेवायला गेलेला असते अन् सात वाजता तो बांधीवरच भेटते, प्लॉटही तिथंच दाखवता येते, बुकिंग वाढते. लगेच हो म्हणाले. उकाड्याचं नाव काढलं असतं तर म्हणाले असते, आता तर उन्हाळा संपला ना.